आश्रय नाकारल्यावर

ऑस्ट्रेलियातील वरिष्ठ न्यायालयांची निकालपत्रे चाळू लागले असता वाचकास प्रथम एका गोष्टीचे नवल वाटते. खटल्याच्या शिरोभागी वादी-प्रतिवादींची नावे असावयाची, हा सर्वत्र रूढ असलेला प्रघात. परंतु तेथील एका विशिष्ट वर्गातील खटल्यांत एका बाजूस मंत्रिमहाशयांचा हुद्दा असतो आणि दुसऱ्या बाजूस नुसती अक्षरे व आकडे असतात. 'वादी एस १५७/२००२', 'अपीलकर्ता एस ३९५/२००२', 'वादी एम ६१/२०१०-ई', 'एसझेडबीईएल', 'एसझेडएफडीई' अशी ही नामावली. एस म्हणजे सिडनीची कचेरी, एम म्हणजे मेलबर्नची; पुढचा आकडा नोंदवहीतील अनुक्रमांक आणि शेवटी साल. हा आकडा अवहेलनेसाठी दिलेला नाही. संरक्षणासाठी अर्ज करणाऱ्याचे नाव न्यायालयांनी प्रसिद्ध करू नये, असा तेथे २००१ पासून कायदाच आहे. ज्या राजवटीच्या भयाने माणूस देश सोडून पळाला, तिच्याच वकिलातीतील एखाद्या कारकुनाने त्याचे नाव छापलेले वाचावे आणि मागे राहिलेल्या आईबापांच्या दारात पोलीस येऊन उभे राहावेत, हा प्रसंग कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता. अशा या निनावी माणसांनी गेल्या पाव शतकात ऑस्ट्रेलियाच्या प्रशासकीय कायद्याची जेवढी घडण केली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणा वर्गाने केली असेल.

ही माणसे न्यायालयात कशासाठी जातात, हे समजण्यापूर्वी ती कोठून आलेली असतात, ते थोडक्यात पाहिले पाहिजे. निर्वासितांच्या दर्जाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९५१ साली जिनीव्हा येथे झाला. त्यात सामील होणारे ऑस्ट्रेलिया हे सहावे राष्ट्र. त्याच्याच संमतीने आवश्यक संख्या पुरी होऊन १९५४ च्या एप्रिलात तो करार अमलात आला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटातील समावेश अथवा राजकीय मत, या पाच कारणांपैकी एखाद्यामुळे छळ होईल अशी साधार भीती ज्याला वाटते आणि म्हणून जो स्वदेशी परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित, ही त्या करारातील व्याख्या. तिच्यातला 'साधार' हा शब्द सर्वात वजनदार आहे. नुसती भीती पुरत नाही. भीतीला आधार हवा. पण किती आधार? १९८९ साली चीनमधून आलेल्या एका गृहस्थाच्या प्रकरणात हाय कोर्टाने उत्तर दिले, की छळाची खरीखुरी शक्यता असली म्हणजे पुरे. ती निम्म्याहून अधिक असलीच पाहिजे असे नाही. न्यायमूर्ती मॅकह्यू यांनी तर शेकडा दहा शक्यतासुद्धा पुरेशी ठरू शकेल, असे म्हटले. दहांतून नऊ वेळा काही होणार नाही, परंतु दहाव्या वेळी घराबाहेर ओढून नेतील, अशा परिस्थितीत कोणता शहाणा माणूस निर्धास्त घरी परतेल? हा विचार अगदी व्यवहारी आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे हायकोर्ट म्हटले की राज्याचे उच्च न्यायालय डोळ्यांपुढे येते. ऑस्ट्रेलियात हाय कोर्ट हेच देशातील सर्वश्रेष्ठ न्यायालय होय. त्याच्या वर अपील नाही.

१९९४ पासून या आश्रयाला 'संरक्षण व्हिसा' असे कायदेशीर रूप मिळाले. अर्ज प्रथम मंत्र्याच्या वतीने खात्यातील एक अधिकारी निकालात काढतो. त्याने नकार दिला, तर न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. ते सारे प्रकरण नव्याने पाहते, अर्जदाराला समोर बोलावते, दुभाष्यामार्फत प्रश्न विचारते आणि आपला स्वतंत्र निर्णय देते. १९९३ साली स्थापन झालेले निर्वासित पुनर्विलोकन न्यायाधिकरण २०१५ मध्ये एका मोठ्या अपील न्यायाधिकरणात विलीन झाले, आणि तेही मोडून १४ ऑक्टोबर २०२४ पासून त्याच्या जागी नवे प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरण काम करू लागले. पाट्या बदलल्या, खुर्चीवर बसलेल्या सभासदाचे काम फारसे बदलले नाही. समोरचा माणूस खरे सांगतो की खोटे, आणि तो परत गेला तर त्याचे काय होईल, या दोनच प्रश्नांची उत्तरे त्याला द्यावयाची असतात. पहिल्याचा पुरावा बहुधा त्या माणसाच्या तोंडाखेरीज दुसरा नसतो. दुसरा प्रश्न तर भविष्याविषयीचा. कोणत्याही देशातील प्रशासनात याहून कठीण काम थोडेच असेल.

या सभासदाने नकार दिला म्हणजे न्यायालयाची पायरी येते. नवखा मनुष्य येथे हमखास गैरसमजात पडतो. त्याला वाटते, आता न्यायाधीश आपली कहाणी ऐकतील. न्यायाधीश ती ऐकत नाहीत. अर्जदार खरोखर छळाला पात्र झाला होता की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे नसतोच. न्यायाधिकरणाने कायद्याने दिलेले काम कायद्याने घालून दिलेल्या मर्यादेत केले की नाही, एवढेच ते पाहतात.

हा भेद सूक्ष्म असला, तरी आपल्या ग्रामीण श्रोत्यालाही परका नाही. समजा, एखाद्या मामलेदाराला दोन शेतांमधील वहिवाटीच्या रस्त्याचा तंटा मिटवावयाचा आहे. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या, जागा पाहिली आणि एका साक्षीदारावर विश्वास ठेवला, दुसऱ्यावर ठेवला नाही. तो साक्षीदार लबाड होता असे गाव म्हणत असेल. तरीही मामलेदाराने आपले काम केले आहे, आणि चुकला असला तरी आपल्या अधिकाराच्या कुंपणाच्या आत राहून चुकला आहे. पण त्याने एका पक्षाला बोलावलेच नाही, किंवा तंटा रस्त्याचा असता विहिरीवर निकाल दिला, किंवा ज्या कागदावर निकाल बेतला तो कागद दुसऱ्याला दाखविलाच नाही, तर त्याने जो लिहिला तो निकाल नव्हेच. तेथील न्यायशास्त्रात या दुसऱ्या प्रकाराला अधिकारमर्यादेची चूक म्हणतात. ती सापडली तरच न्यायालय हात घालते. पहिल्या प्रकाराला ते शिवत नाही. १९९० च्या एका निकालात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी ही सीमारेषा ठामपणे आखली: निर्णयाचे गुणावगुण ठरविण्याचा अधिकार कायद्याने ज्याला दिला त्याचाच; न्यायालयाने फक्त त्या अधिकाराची हद्द सांगावी. पुढे १९९६ साली हाय कोर्टाने अशीही ताकीद दिली, की अधिकाऱ्याच्या टिपणातील शब्द न् शब्द दोष हुडकण्याच्या बुद्धीने भिंगाखाली धरू नये. सरकारी टिपण लिहिण्याचा ज्याला अनुभव आहे, त्याला या ताकिदीतील समजूतदारपणा तत्काळ पटेल.

मग ही अधिकारमर्यादेची चूक प्रत्यक्षात कशी दिसते? तिची काही उदाहरणे बारकाईने पाहण्यासारखी आहेत, कारण त्यांत बहुतेक ठिकाणी दुष्टपणा नाही. आहे ती नेहमीच्या कचेरीतील नेहमीची गोष्ट.

इंडोनेशियातून आलेल्या चिनी वंशाच्या काही अर्जदारांचे प्रकरण २००२ साली निकालात निघाले. खात्यातील अधिकाऱ्याने आपल्या निर्णयात त्या देशातील परिस्थितीविषयीच्या काही कागदांचा उल्लेख केला होता. त्यांतील काही मजकूर अर्जदारांना अनुकूल होता. कायद्याप्रमाणे हे कागद न्यायाधिकरणाकडे जावयास हवे होते. ते गेले नाहीत. पण न्यायाधिकरणाने अर्जदारांना पत्र लिहिले ते असे, की तुमच्या अर्जासंबंधीचे सर्व साहित्य पाहिले आहे. हे पत्र वाचून अर्जदार स्वस्थ बसले. आपले अनुकूल कागद सभासदापुढे आहेतच, ते पुन्हा कशाला पाठवावयाचे, असे त्यांना वाटले. छापील नमुन्यातील एक वाक्य, आणि त्याने माणसांची बाजू मांडण्याची संधी हिरावून घेतली. हाय कोर्टाने नैसर्गिक न्यायाचा भंग झाल्याचे ठरविले. ठराविक नमुन्यांच्या पत्रांवर निर्धास्तपणे सही करणाऱ्या जगातील सर्वच अधिकाऱ्यांनी हा निकाल एकदा वाचावा.

दुसरे प्रकरण एका इराणी खलाशाचे. तो ऑस्ट्रेलियाच्या बंदरात जहाज सोडून उतरला आणि आपण ख्रिस्ती धर्माकडे वळलो असल्यामुळे परत गेलो तर धोका आहे, असे त्याने सांगितले. खात्याच्या अधिकाऱ्याने त्याचा अर्ज काही कारणांसाठी फेटाळला. न्यायाधिकरणापुढे त्याने साहजिकच त्या कारणांना उत्तर दिले. परंतु सभासदाने अर्ज फेटाळला तो हकिकतीतील दुसऱ्याच काही भागांवर अविश्वास दाखवून. आणि ते भाग संशयास्पद वाटतात, याची पुसटशी सूचनाही सुनावणीत त्याला दिली नव्हती. २००६ साली हाय कोर्टाने एकमताने हा निर्णय रद्द केला. सभासदाने आपल्या मनातील प्रत्येक शंका मोठ्याने बोलून दाखविली पाहिजे असे न्यायालय म्हणत नाही. पण ज्या मुद्द्यावर माणसाचे भवितव्य ठरणार, तो मुद्दा वादग्रस्त आहे एवढे तरी त्याला कळले पाहिजे. नाही तर तो बोलणार कशावर?

लेखी सूचनेच्या प्रश्नावर २००५ सालचा निकाल याहूनही कडक आहे. इराणमधील मँडियन या अल्पसंख्य पंथाच्या एका स्त्रीच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने तिच्या मुलीची साक्ष आईच्या गैरहजेरीत घेतली आणि त्या साक्षीतील प्रतिकूल भाग आईला तोंडी सांगितला. कायद्यात शब्द होते, लेखी सांगावे. तोंडी सांगितले म्हणून तिचे नुकसान काय झाले, असा प्रश्न सरकारपक्षाने केला. तीन न्यायमूर्तींनी उत्तर दिले, की संसदेने लेखी म्हटले असेल, तर लेखीच. दोघांचे मत विरुद्ध पडले. हा निकाल अतिकाटेकोर आहे असे पुष्कळांना वाटले, आणि तसे वाटण्यास जागा आहे. तथापि, परक्या भाषेत, दुभाष्याच्या तोंडून, घाबरलेल्या अवस्थेत ऐकलेले एखादे वाक्य आणि घरी नेऊन चार वेळा वाचता येईल, वकिलाला दाखविता येईल असा कागद, यांतील अंतर ज्याला दिसते, त्याला या काटेकोरपणातील अर्थही दिसेल.

फसवणुकीचे एक प्रकरण तर विषण्ण करणारे आहे. लेबाननमधून आलेल्या एका कुटुंबाने एका गृहस्थाचा सल्ला घेतला. तो स्वतःला वकील व स्थलांतराचा परवानाधारक सल्लागार म्हणवीत असे. वस्तुतः त्याला दोन्ही व्यवसायांची मनाई झालेली होती. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुनावणीस बोलाविले, तेव्हा याने पैसे घेऊन सल्ला दिला, की जाऊ नका, गेल्याने नुकसानच होईल. कुटुंब गेले नाही. न्यायाधिकरणाने गैरहजेरीत निर्णय दिला, आणि त्यात न्यायाधिकरणाचा तिळमात्र दोष नव्हता. मग निर्णय रद्द कशाच्या आधारे करावयाचा? २००७ साली हाय कोर्टाने म्हटले, की ही फसवणूक केवळ अशिलाची नव्हती. सुनावणीची संधी देणे हा न्यायाधिकरणाच्या कार्याचा गाभा असून तोच या लबाडीने निष्फळ केला. म्हणजे खुद्द न्यायाधिकरणाचीच फसवणूक झाली. आपल्या कचेऱ्यांच्या आवारात वावरणारे मध्यस्थ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या निकालाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

परंतु ज्या प्रकरणाने जगभरच्या न्यायालयांचे लक्ष वेधले, ते बांगला देशातील दोन पुरुषांचे. हे दोघे दांपत्यासारखे एकत्र राहत असत. समलिंगी संबंधांमुळे स्वदेशी आपणांस धोका आहे, म्हणून त्यांनी संरक्षण मागितले. न्यायाधिकरणाने त्यांचे नाते खरे मानले. पण ते तेथे कोणाच्या नजरेस न येता, बेताने राहत होते आणि पुढेही तसेच राहतील, तेव्हा त्यांना भीती कसली, असा निष्कर्ष काढला. वरवर पाहता हा तर्क बिनतोड वाटतो. २००३ च्या डिसेंबरात हाय कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी तो उलथून टाकला. बहुमताचे म्हणणे असे: हे दोघे बेताने का राहत होते, हा प्रश्न न्यायाधिकरणाने विचारलाच नाही. मार खावा लागेल, जीव जाईल, या भयाने जर माणूस आपले खरे स्वरूप लपवीत असेल, तर ते लपविणे हाच छळाचा परिणाम आहे. त्यालाच सुरक्षिततेचा पुरावा कसे मानावयाचे? एखाद्या धर्मनिष्ठाला, तू देवघराचे दार लावून घे म्हणजे तुला कोणी मारणार नाही, असे सांगून आश्रय नाकारता येईल काय? तीन न्यायमूर्ती असहमत होते, आणि त्यांचे म्हणणेही दुर्लक्षणीय नव्हते: न्यायाधिकरणाने वस्तुस्थितीचा निष्कर्ष काढला होता, आणि तो काढण्याचा अधिकार त्याचाच होता. न्यायालयाच्या हद्दीची रेषा किती बारीक असते, ते या एका मताच्या फरकावरून कळून येते. २०१० साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही याच दिशेने निकाल दिला.

असो. न्यायालयाला हे सर्व करता येते ते कशाच्या बळावर, याचा इतिहास मनोरंजक आहे. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेच्या ७५ व्या कलमाच्या पाचव्या पोटकलमात, राष्ट्रकुलाच्या कोणत्याही अधिकाऱ्याविरुद्ध परमादेश, प्रतिषेध अथवा मनाई हुकूम मागण्यासाठी हाय कोर्टात थेट जाता येईल, अशी तरतूद आहे. ती सुचविली टास्मानियाचे कायदेपंडित अँड्र्यू इंग्लिस क्लार्क यांनी. अमेरिकेत १८०३ साली मार्बरी विरुद्ध मॅडिसन या गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, मंत्र्याने कायदा मोडला हे मान्य करूनही, आपल्याला थेट परमादेश काढण्याचा अधिकार नाही म्हणून हात वर केले होते. तसा प्रसंग आपल्याकडे येऊ नये, ही क्लार्क यांची दूरदृष्टी. १८९८ साली मेलबर्नच्या घटनापरिषदेत ते कलम अनावश्यक म्हणून वगळले गेले. क्लार्क परिषदेत नव्हते. त्यांनी तार करून परिषदेचे पुढारी एडमंड बार्टन यांना त्या अमेरिकन खटल्याची आठवण दिली. बार्टन यांनी प्रांजळपणे उत्तर पाठविले, की तो खटला येथे कोणी वाचलेला नव्हता, किंवा वाचला असल्यास कोणाच्या स्मरणात नव्हता. आणि कलम पुन्हा घातले गेले. हेच बार्टन पुढे १९०१ साली ऑस्ट्रेलियाचे पहिले पंतप्रधान झाले. एका तारेने वाचविलेल्या या ओळीवर शंभर वर्षांनी निर्वासितांची सारी मदार राहणार होती, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

आपल्या घटनेतील ३२ वे आणि २२६ वे कलम याच कुळातील. ३२ वे कलम हा घटनेचा आत्मा आहे, असे डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटनासमितीत म्हटले होते. भारत हा १९५१ च्या निर्वासित कराराचा सभासद नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तरीही १९९६ साली अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, जीविताच्या हक्काचे संरक्षण नागरिकांप्रमाणेच परकीयांनाही आहे, असे सांगितले ते अशाच रिटाच्या अधिकारात.

ऑस्ट्रेलियात या अधिकाराची कसोटी २००१ नंतर लागली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये टँपा नावाच्या नॉर्वेजियन जहाजाने बुडत्या होडीतून सव्वाचारशेंहून अधिक माणसे वाचविली. त्यांत बहुसंख्य अफगाण हजारा होते. त्यांना ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर उतरू द्यावे की नाही, यावरून देशात मोठे वादळ उठले. त्या वातावरणात संसदेने सप्टेंबरात जे अनेक कायदे झपाट्याने मंजूर केले, त्यांत एक कलम होते ४७४ वे. स्थलांतर कायद्याखालील निर्णय अंतिम आहेत. त्यांस कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, ते रद्द करता येणार नाहीत, त्यांविरुद्ध कोणताही प्राधिलेख काढता येणार नाही, असे त्याचे शब्द. ही कल्पना मात्र त्या वादळात जन्मलेली नव्हती. तसे विधेयक काही वर्षे संसदेपुढे येत होते. सरकारची तक्रार सर्वस्वी खोटीही नव्हती. नकार मिळालेल्या माणसांना न्यायालयात जाण्याने निदान काळ मिळे, आणि निव्वळ काळ मिळविण्यासाठी केलेले अर्जही त्यांत असत. खजिन्यावर भार पडे, आणि ज्यांची भीती खरी त्यांचेही खटले या गर्दीत रेंगाळत.

सरकारचा भरवसा होता १९४५ सालच्या एका निकालावर. युद्धकाळात कोळसाखाणींतील तंट्यांसाठी नेमलेल्या मंडळाचे निर्णय असेच अंतिम ठरविले होते. तेव्हा न्यायमूर्ती ओवेन डिक्सन यांनी, प्रामाणिकपणे आणि कायद्याच्या विषयाला धरून घेतलेले निर्णय अशा कलमामुळे किरकोळ दोषांतून वाचतात, अशी त्याची संगती लावली होती. तोच अर्थ येथे लागेल आणि अधिकाऱ्यांचे हात मोकळे होतील, असा कायदा करणाऱ्यांचा हिशेब.

'वादी एस १५७' याने या कलमालाच आव्हान दिले. आपल्याविरुद्धचा मजकूर आपल्याला न दाखविता न्यायाधिकरणाने विचारात घेतला, ही त्याची मूळ तक्रार. ४ फेब्रुवारी २००३ रोजी सातही न्यायमूर्तींनी दिलेले उत्तर मोठे कौशल्याचे आहे. त्यांनी ४७४ वे कलम रद्द केले नाही. ते वाचले. कलमात म्हटले होते, 'या कायद्याखाली केलेला निर्णय'. अधिकारमर्यादेची चूक ज्यात आहे, तो निर्णय कायद्याखाली झालेलाच नसतो. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णयच नव्हे. तेव्हा त्याला या कलमाची ढाल लागू होत नाही. आणि कलमाचा अर्थ याहून व्यापक घेतला, तर ते ७५ व्या कलमाशी टक्कर घेईल व टिकणार नाही. कायद्याने घालून दिलेल्या मर्यादा अधिकारी पाळतात की नाही, हे पाहण्याचा एवढा किमान अधिकार घटनेनेच न्यायालयाकडे ठेवला आहे, तो संसदेला काढून घेता येत नाही. कलम पुस्तकात राहिले, आजही आहे. त्यातील दात तेवढे गेले.

पुढे सरकारने वेगळे मार्ग शोधले. दूरच्या बेटांवर उतरलेल्यांना कायद्याने अर्जच करता येऊ नये, आणि त्यांची चौकशी कायद्याबाहेर, कंत्राटाने नेमलेल्या माणसांकडून व्हावी, अशी व्यवस्था झाली. २०१० साली 'एम ६१' या प्रकरणात श्रीलंकेतील दोघा तमिळांच्या अर्जावर हाय कोर्टाने एकमुखाने सांगितले, की त्या चौकशीसाठी माणसाला कोंडून ठेवलेले असेल, तर ती चौकशीही न्याय्य पद्धतीनेच आणि कायद्याचा योग्य अर्थ लावूनच झाली पाहिजे. २०१४ च्या कायद्याने समुद्रमार्गे आलेल्या अनेकांसाठी तोंडी सुनावणीच बहुतांशी काढून टाकली, आणि केवळ कागदांवरून फेरविचार करणारे एक मंडळ नेमले. ते २०२४ साली बंद झाले. दरम्यान न्यायालयांनीही आपली कसोटी थोडी कडक केली. २०१८ पासून, चूक झाली एवढे दाखवून भागत नाही. ती झाली नसती तर निकाल वेगळा लागण्याची वास्तव शक्यता होती, हेही दाखवावे लागते, आणि ते दाखविण्याचा भार अर्जदारावर आहे, असे २०२१ साली बहुमताने ठरले. क्षुल्लक दोषासाठी सारे प्रकरण पुन्हा चालवू नये, हे शहाणपणाचे खरे. परंतु ज्याला जे विचारलेच गेले नाही, त्याने आपण काय उत्तर दिले असते हे सिद्ध करावे, ही अपेक्षा पुष्कळदा जड जाते.

आणि ती जड जाते ती कोणाला, हेही पाहावे. निर्णयाच्या तारखेपासून पस्तीस दिवसांच्या आत अर्ज करावयाचा. सबळ कारण दाखविल्यास मुदत वाढू शकते, पण ते कारण पटवावे लागते. पुष्कळ अर्जदार वकिलाविना उभे राहतात. शेजारी दुभाष्या, समोर सरकारचे निष्णात वकील. यशाची वाजवी आशा नसताना असे खटले पुढे रेटणाऱ्या वकिलांवर २००५ च्या कायद्याने खर्चाची जबाबदारी टाकली आहे. त्यामुळे निष्काळजी वकील जसे दूर राहतात, तसे भिडस्तही. न्यायाधीश विचारतात, न्यायाधिकरणाने कायद्याची कोणती चूक केली? आणि तो मनुष्य पुन्हा आपली कहाणी सांगू लागतो: घर कसे जळले, भावाला कोठून नेले. न्यायाधीश शांतपणे ऐकून घेतात आणि सांगतात, की हे ठरविण्याचा अधिकार या न्यायालयाला नाही. हा संवाद तेथील निकालपत्रांत निरनिराळ्या शब्दांत वारंवार भेटतो. हरल्यास सरकारच्या खर्चाचा बोजाही सामान्यतः त्याच्यावरच पडतो.

जो जिंकतो, त्यालाही व्हिसा मिळत नाही, ही गोष्ट बाहेरच्यांना चटकन खरी वाटत नाही. न्यायालय जुना निर्णय रद्द करते आणि प्रकरण न्यायाधिकरणाकडे परत पाठविते. बहुधा दुसऱ्या सभासदासमोर पुन्हा सुनावणी होते, पुन्हा दुभाष्या बसतो, पुन्हा तेच प्रश्न आणि पहिल्यापेक्षा काही वर्षांनी जुनी झालेली स्मृती. नवा सभासद सर्व नियम पाळून, सर्व कागद दाखवून, प्रत्येक शंका बोलून दाखवून पुन्हा 'नाही' म्हणू शकतो. तसे झाले, तर त्या निर्णयाच्या तारखेपासून पस्तीस दिवस पुन्हा मोजावयाचे.